शालूबाईला न कळणारी कविता

बोरजाईवाडीचे हवालदार जोतीराम रणवरे पलटणीतून सुटून घरी आले, तेव्हा त्यांच्या अंगात दोन सवयी पक्क्या मुरल्या होत्या. एक म्हणजे पहाटे पाचला उठून मिशीला पीळ देणे, आणि दुसरी म्हणजे कुठलीही गोष्ट सरळ न सांगणे.

दुसऱ्या सवयीत त्यांचा दोष नव्हता. चोवीस वर्षं त्यांनी वायरलेसच्या खोक्यापुढं काढली होती. ‘उद्या रसद येणार’ असं वायरलेसवर बोलत नसतात. ‘मामा आंबे घेऊन निघाला’ असं बोलायचं असतं. मामा, आंबे, लाल कोंबडा, आजारी मावशी, हीच त्यांची भाषा झाली होती. गावी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते सोसायटीत गेले, सेक्रेटरी नानासोंच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, “पाव्हणं उतरलं का?”

नानासोंच्या घरी त्या दिवशी खरंच पाहुणे येऊन गेले होते. ते म्हणाले, “कवाच! जेवूनबी गेलं.”

हवालदार समजले, खत आलं आणि संपलं. ते तसेच परत फिरले. खताची पोती सोसायटीच्या गोडाउनात छपरापर्यंत रचलेली होती, आणि हवालदारांचा ऊस त्या वर्षी कमरेच्या वर गेला नाही.

दोन वर्षं अशीच गेली. ऊस, पाणीपाळी, फलटणला एक चक्कर, संध्याकाळी पारावर बसणं. पण हवालदारांना करमत नव्हतं. कानात हेडफोन नाही, हाताखाली बटण नाही, आणि ज्यातलं गुपित कुणाला कळता कामा नये असं एकही काम नाही. माणसाला मोकळं मोकळं वाटतं म्हणतात, तसं त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांना आवडत नव्हतं.

मग चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत ती गोष्ट घडली. त्यांची मुलगी राजनंदिनी फलटणच्या कॉलेजात बी. ए. ला होती. कॉलेजात गॅदरिंग होतं, एसटी चुकेल म्हणून हवालदार एम-एटी घेऊन तिला आणायला गेले. कार्यक्रम लांबला होता. ते हॉलच्या दारात उभे राहिले. स्टेजवर मराठीचे प्राध्यापक लालासाहेब तावरे डोळे मिटून बोलत होते.

“जी कविता ऐकताक्षणी कळते, ती कविता नव्हे. ती नोटीस!” तावरे सरांनी डोळे उघडले. “अनुभव आधी प्रतिमेत बुडवा. मग ती प्रतिमा दुसऱ्या प्रतिमेत बुडवा. वाचकाच्या हाती सहजासहजी काही लागता कामा नये. आणि तरीही भावना अशी पाहिजे, की त्याच्या अंगावर काटा यावा!”

पोरं मागं बसून शेंगा खात होती. पण दारातल्या हवालदारांच्या अंगावर खरोखरच काटा आला. हे तर आपलंच काम! एका कोडवर दुसरा कोड. देशात असलाही एक विभाग आहे, आणि त्यात निवृत्तीचं वय नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नकळत त्यांच्या टाचा जुळल्या.

परत येताना त्यांनी दोन शंभरपानी वह्या घेतल्या. एक कवितेची आणि दुसरी किल्लीची. कवितेच्या वहीत ‘लोखंडी हंस’ आला, की किल्लीच्या वहीत तारीख टाकून नोंद व्हायची: लोखंडी हंस म्हणजे दुखणं. किल्लीची वही ते ट्रंकेत कुलूप लावून ठेवत.

चार दिवसांत पहिली कविता तयार झाली. आता नवीन कोड कामाला लावायच्या आधी तपासावा लागतो. तो आपल्याच दुसऱ्या ठाण्याला द्यायचा. त्यांना फुटला नाही, तर शत्रूलाही फुटणार नाही. घरात दुसरं ठाणं एकच होतं, ते म्हणजे शालूबाई. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. सही म्हणून अंगठा द्यायची. हवालदारांना वाटलं, हे तर अगदीच सोपं गिऱ्हाईक.

शालूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. हवालदार दारात सावधानमध्ये उभे राहिले आणि त्यांनी वाचलं:

“काळजाच्या चुन्यात
एक लोखंडी हंस उकळतो आहे.
दक्षिणेच्या बुरुजाखाली
विझलेल्या आरशांची ठिणगी
गोड पाण्यालाही घाबरते.”

शालूबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मान वर न करता म्हणाली, “दाढ दुखतीया व्हय?”

हवालदारांच्या हातातली वही खाली पडली. दाढ दुखत होती. खालची, उजवीकडची, तीन दिवसांपासून. पण डॉक्टर उपटून टाकेल या भीतीनं त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. गालावर हातसुद्धा ठेवला नव्हता.

“तुला कुनी सांगितलं?”

“तुमीच न्हवं का आत्ता? चहाबी दोन दिस निववून पिताय. उद्या फलटनला चला, काढून टाकू.”

दुसऱ्या दिवशी दाढ गेली. हवालदारांनी तोंडात कापसाचा बोळा धरून घरी येईपर्यंत मनाशी ठरवलं, की कोड हलका पडला. ‘गोड पाणी’ घालायला नको होतं.

दुसऱ्या कवितेला त्यांनी पंधरा दिवस घेतले. आता एकही शब्द शरीराच्या आसपास फिरकू द्यायचा नाही, असा हुकूम त्यांनी स्वतःला दिला. ही कविता त्यांनी शालूबाई शेंगा फोडत बसली असताना वाचली:

“मी अंधाराच्या पोटात वाकून
एक पिवळा सूर्य चाटतो.
मुंग्यांचे सैन्य
माझ्या नावाने घोषणा देत जाते,
आणि झाकण पडल्याच्या आवाजाने
इतिहास दचकतो.”

शालूबाई उठली, माजघरात गेली आणि फळीवरचा गुळाचा डबा घेऊन आली. डब्याच्या काठावर मुंग्यांची रांग होती.

“डाक्टरनं साखर सांगितलीया ना तुमाला? मग ह्यो आर्धा डबा कुनी खाल्ला?”

त्या दिवसापासून गूळ बयाबाईकडं गेला. बयाबाई म्हणजे शेजारची चुलत सासू. तिनं डबा ठेवून घेतला आणि शालूबाईला बाजूला घेऊन विचारलं, “सूनबाई, जोतीबा आसं बडबडतोय, त्ये कवापासनं? आन् मुंग्या त्याच्या नावानं वरडत्यात, ह्ये त्येनं सवताच्या कानानं ऐकलं?”

“कविता हाय ती, आत्या.”

“व्हय. म्हंजी करनीच,” बयाबाई म्हणाली, आणि तिनं हवालदारांच्या एम-एटीला लिंबू-मिरची बांधली.

हवालदारांची परिस्थिती मोठी विचित्र झाली. जन्मभर जी लपवायची कला शिकले, ती वापरली की सगळं उघडं पडायचं. तिसऱ्या कवितेतून त्यांनी नानासोंना मटणाच्या जेवणाला होकार दिल्याचं फुटलं. चौथीतून नवी छत्री एसटीत विसरल्याचं फुटलं. पाचवी तर अगदी निराकार होती. तिच्यात नुसता रंग, गारवा आणि एक ‘अनाम कंप’ होता. शालूबाई म्हणाली, “बनियन भिजलेलं घालून बसू नका, बदला.”

राजनंदिनी कोपऱ्यात बसून अभ्यास करायची आणि वहीत तोंड घालून हसायची. एकदा ती म्हणाली, “आप्पा, तुम्ही डायरी लिहीत असता तर आईला इतकं कळलं नसतं.”

शेवटी हवालदारांनी निर्वाणीचा उपाय केला. पलटणीतला ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा काढला. पंचांगातून, राजनंदिनीच्या पुस्तकातून आणि फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरून शब्द उतरवून त्याच्या चिठ्ठ्या केल्या, डब्यात घातल्या, डबा हलवला आणि डोळे मिटून एकेक चिठ्ठी उचलली. आता कविता आपण केलेलीच नाही म्हटल्यावर आपलं गुपित तिच्यात असेलच कसं?

“ग्रहणाचा पंचनामा
केळफुलाने चांगला हलवून घ्यावा.
आडसाली हुंदके
लहान मुलांपासून दूर
थंड व कोरड्या जागी ठेवावेत.”

शालूबाईनं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. हवालदारांची छाती फुगली. मिशीचं टोक आपोआप वर गेलं.

“कळली न्हाई ना?”

“ह्यात कळायचं काय? ह्यात तुमी न्हाईच.” शालूबाईच्या आवाजात चक्क काळजी होती. “कुठंबी लपला तर तुमी गावता मला. पन ह्यात कुनी लपलेलंच न्हाई. ह्ये तर औषिदाच्या बाटलीवरचं हाय.”

हवालदार मटकन खाली बसले. “शालू, खरं सांग. तुला ह्ये कोन शिकवतंय?”

“तुमीच शिकवलं की.” शालूबाईला हसू आलं. “वीस वरसं तुमची पत्रं यायची. वाचायची कोन? मामंजी. वसरीवर बसून, समद्या घराम्होरं. त्यात तुमी मला काय लिवनार? एकदा लिवलं, ‘तांबड्या गाईला थंडीत बाहेर बांधू नका, तिला गरम पाणी द्या.’ मामंजी म्हनलं, पोराच्या डोस्क्यावर बरफ पडला, आपल्याकडं तांबडी गाय कवा हुती? समदी हसली. मी आत जाऊन रडली. मला तवा खोकला हुता, आन् लोनंदच्या टेसनावर तुमाला घालवाय आलती तवा तांबडं लुगडं नेसली हुती.”

ते पत्र हवालदारांना आठवत होतं. पण त्याचा अर्थ पोचला की नाही, हे त्यांनी वीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. वायरलेसवर निरोप मिळाला की ‘रॉजर’ म्हणतात. शालूबाईकडून ‘रॉजर’ आत्ता आलं.

असा माणूस विरघळला की काहीतरी वेडेपणा करतोच. त्या आठवड्यात हवालदारांनी आयुष्यात पहिल्यांदा एक ओळ बिनाकोडची लिहिली आणि लाजत लाजत वाचली: “शालू, तू घरात असलीस की मला बरं वाटतं.”

शालूबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. “म्हंजी?”

“म्हंजी... हेच.”

“मी घरात असली की म्हंजी? कुठं चाललीया मी? का रानात येत न्हाई म्हनताय? भांगलायला कालच गेलती की! सरळ बोला काय त्ये.”

हवालदारांनी ती ओळ खोडून टाकली.

इकडं वर्षभरात राजनंदिनीला घरातल्या या रोजच्या उलटतपासणीचा कंटाळा आला होता. तिनं एक दिवस कवितेची वही नेऊन तावरे सरांना दिली. सरांनी ती वाचली, पुन्हा वाचली, उलटी धरूनही वाचली, आणि संध्याकाळी स्वतः बोरजाईवाडीला आले. ओसरीवर बसायच्या आधीच म्हणाले, “हवालदारसाहेब, अस्सल दुर्बोध! मला स्वतःला एक ओळ कळलेली नाही!”

आनंदानं हवालदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगलीला फेब्रुवारीत नवकवितेचा मेळावा होता, तावरे सर अध्यक्ष होते. प्रत्येक कवीनं एक कविता वाचायची आणि सरांनी तिचं रसग्रहण करायचं, असा बेत होता. हवालदारांना बोलावणं मिळालं. शालूबाईची बहीण धोंडुबाई कवठे महांकाळला दिलेली होती, म्हणून मेळावा आटपून तिच्याकडं जायचं या बोलीवर शालूबाईही निघाली. निघायच्या दिवशी सकाळी हवालदारांनी किल्लीची वही ट्रंकेतून काढली आणि चुलीत घातली. मोहिमेवर जाताना कागद मागं ठेवायचे नसतात.

सांगलीतला हॉल बरा मोठा होता. पुढं कवी, मागं कवींच्या घरची माणसं आणि मधल्या तीन रांगा मोकळ्या. शालूबाई मागच्या रांगेत, मांडीवर धोंडुबाईसाठी आणलेली काकवीची बरणी घेऊन बसली. सूत्रसंचालन करत होते धम्मपाल कांबळे. मिरजेकडच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे, कवितेची हौस होती, पण तावरे सरांच्या भाषणात दरवेळी त्यांची नजर घड्याळाकडं जायची.

तिसरा नंबर हवालदारांचा लागला. ते स्टेजवर गेले, सलाम ठोकला आणि वाचलं:

“काळ्या पावसाला दोन चंद्र फुटले होते.
त्याच्या पाठीवरून हात फिरवीत
मी पहाट पांढरी करीत असे.
आता पहाट कोरडी उभी आहे,
आणि दोरीच्या टोकाला
माझेच नाव बांधलेले आहे.”

तावरे सरांनी चष्मा काढला. “काळा पाऊस!” ते म्हणाले. “अणुयुद्धाची छाया. दोन चंद्र म्हणजे दुभंगलेली अस्मिता. आणि ती दोरी, मित्रहो, ती दोरी! अस्तित्वाला लागलेला फास! कवी मृत्यूच्या उंबरठ्यावर उभा राहून...”

“न्हाई वो सर,” मागून आवाज आला. “म्हैस हाय ती.”

हॉलमधल्या सगळ्या माना मागं वळल्या. शालूबाई बरणी सावरत उभी राहिली होती. मृत्यूचा उंबरठा ऐकून तिला राहवलं नव्हतं.

“आमची मोरनी. भाकड झाली म्हनून दिवाळीला इकली. ह्ये दोन दिस जेवलं न्हाईत. दोन चंद्र म्हंजी शिंगं. पहाट पांढरी म्हंजी धार काढायचं. दावं आजून गोठ्यात लोंबतंया, तितनं काढू देत न्हाईत.”

हॉल खदखदून हसला. हवालदार स्टेजवर सावधानमध्येच उभे होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. तावरे सर म्हणाले, “बाई, कवीची पत्नी म्हणून तुम्हाला तपशील माहीत असतील. काव्य तपशिलाच्या पलीकडे असतं.”

धम्मपाल कांबळेंना ही संधी वर्षानुवर्षांत मिळाली नव्हती. ते अगदी नम्रपणे माइकजवळ आले. “सर बरोबर बोलले. मग आपण प्रयोग करू. मावशी, पुढं या. आता जे कवी येतील ते तुमच्या ओळखीचे नाहीत. तुम्ही ऐका आणि काय वाटतं ते सांगा.” त्यांनी स्वतः एक खुर्ची स्टेजवर आणून ठेवली.

पुढचे कवी मिरजेचे, सरकारी नोकरीतले, भारदस्त. त्यांनी घसा साफ करून वाचलं:

“मी माझ्याच सावलीचा हमाल.
नकाशाने गिळलेला उंबरा
खिशात घडी घालून फिरतो,
आणि घरातले घड्याळ
अजून जुन्याच दिशेला टोले देते.”

शालूबाई त्यांच्याकडं बघून हळहळली. “ह्यांची बदली झालीया. कागूद खिशातच हाय. आन् घरी सांगितल्यालं दिसत न्हाई.”

मागच्या रांगेतून एक बाई ताडकन उभी राहिली. “बदली? कुठं बदली?”

कवी माइकमधूनच म्हणाले, “अगं, गडचिरोली. पण मी अर्ज केलाय...”

पुढचं ऐकू आलं नाही, कारण ती बाई स्टेजकडं चालत निघाली होती आणि कवी दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरत होते.

नंतर डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण कवयित्री आली. तिची कविता होती ‘कातरलेल्या नद्यांचा विलाप’. शालूबाईनं ती पुरती ऐकून घेतली आणि मायेनं म्हणाली, “बाई गं, केसं कापलीस म्हनून येवढं मनाला लावून घिऊ नगं. येतील. जास्वंदीचं तेल लाव.” कवयित्रीनं रुमाल सोडला. केस खरंच कानाच्या वर गेले होते. ती आधी रडली, मग हसली आणि शालूबाईच्या शेजारीच खुर्ची ओढून बसली.

हॉलमध्ये आता मधल्या रांगाही भरल्या. चहावाला किटली खाली ठेवून उभा राहिला. मात्र पुढं बसलेल्या कवींमध्ये चुळबूळ सुरू झाली. एकानं आपला कागद चार घड्या घालून मोज्यात कोंबला. एक जण ‘आलोच’ म्हणून गेला तो आलाच नाही. इस्लामपूरच्या एका कवींनी माइकवर येऊन जाहीर केलं, की आपली कविता ही आपली नसून मित्राची आहे. शालूबाई म्हणाली, “वाचा तर.” ते म्हणाले, “नको.”

वाचायला कुणीच उरलं नाही, तेव्हा धम्मपाल कांबळे म्हणाले, “आता अध्यक्षांनी आपली कविता सादर करावी.”

तावरे सर उठले. सरांनी आपली गाजलेली कविता पाठ म्हटली:

“शून्याच्या देठाशी
अ-शून्याचा हिरवा नकार.
नकाराच्या काठी
नसलेपणाची नाव.
नावेत
नाव नाही.”

सगळ्यांचे डोळे शालूबाईवर. तिनं पदर सारखा केला. सरांच्या तोंडाकडं बघितलं. सर तिच्याकडं बघत होते. त्यांच्या हातातला चष्मा थोडा थरथरत होता.

शालूबाईनं नजर मांडीवरच्या बरणीकडं वळवली. मग म्हणाली, “न्हाई बाई. ही काय मला कळली न्हाई.”

तावरे सरांचा चेहरा असा उजळला, की पुढच्या रांगेतल्यांनीसुद्धा नंतर त्याची आठवण काढली. त्यांनी दोन्ही हात वर केले. “हीच! हीच ती कविता!” टाळ्या पडल्या. हार आला. सरांनी तो आपल्या गळ्यातला काढून शालूबाईच्या हातात दिला.

चार वाजता कवठे महांकाळच्या एसटीत दोघं बसली. हवालदार खिडकीबाहेर बघत होते. मिरज गेलं, द्राक्षांचे मळे लागले. शेवटी न राहवून म्हणाले, “त्यांची कळली न्हाई. आमच्या येका कवितेला कवा म्हनली न्हाईस, कळली न्हाई म्हनून. वरीस झालं झिजतोय मी.”

“कळली की त्यांचीबी.”

हवालदारांनी वळून बघितलं. “मग?”

“आवं, त्यात कायबी न्हवतं. झाकन लावल्यालं रिकामं डबडं. आन् त्यांना सवताला ठावं हाय त्ये.” शालूबाईनं बरणी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. “माझ्याकडं कसं बघत हुतं बघितलंसा का? गनित न आल्यालं पोरगं मास्तरकडं बघतंया तसं. येवढ्या लोकांत मी काय सांगू, रिकामं हाय म्हनून?”

गाडी एका गचक्यात खड्ड्यातून वर आली. हवालदारांना जोराचं हसू फुटलं आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली. सरांचा तो थरथरता चष्मा त्यांना आठवला. त्यांनी विचारलं, “आन् माझ्यात असतंय काय तरी?”

“तुमच्यात लय असतंय. कवा कवा जरा जास्तीच असतंय,” शालूबाई म्हणाली.

धोंडुबाईच्या घरी त्या दिवशी त्यांनी सहा भाकऱ्या खाल्ल्या.

सांगलीची बातमी पसरायला वेळ लागला नाही. महिन्याभरात बोरजाईवाडीच्या पोस्टात जाड जाड पाकिटं यायला लागली. जतहून, विट्याहून, कराडहून. आत कविता, आणि खाली विनंती: ‘सौ. शालूबाईंनी अर्थ कळवावा, पण पोस्टकार्डावर कळवू नये.’ शालूबाई कामातून सवड काढून बसायची, हवालदार मोठ्यानं वाचायचे, ती सांगायची आणि ते उत्तर लिहायचे. ‘आपण धाकट्या भावाशी बोलावे, राग गेलेला आहे.’ ‘आपले पोट तपासून घ्यावे.’ ‘आपण पुन्हा प्रेमात पडला आहात, ते थांबवावे.’ बयाबाई शेजारी बसून ऐकायची. करणीबद्दलचं आपलं मत तिनं बदललं होतं. आता ती म्हणायची, की अंगात येतं ते जोतीबाच्या नव्हे, सूनबाईच्या, आणि देवी चांगली आहे.

एका रविवारी तावरे सरही आले. कविता आणली नव्हती. जेवले, पावट्याची आमटी दोनदा मागून घेतली, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाले, “सहा महिन्यांत काही लिहिलं नाही. बरं वाटतंय.” शालूबाईनं त्यांना पावटे बांधून दिले.

हवालदारांनी मात्र लिहिणं सोडलं नाही. न कळणारी कविता करायचा नाद तेवढा सोडला. आता ते लिहायचे आणि वही चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायचे. शालूबाई सवडीनं म्हणायची, “वाचा बघू, आज काय झालंया.”

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात राजनंदिनीचं लग्न ठरलं. मुलगा वाईकडचा, शाळेत मास्तर. हवालदारांनी एकच हट्ट धरला, की मंगलाष्टका ते स्वतः रचणार आणि स्वतः म्हणणार. राजनंदिनी म्हणाली, “आप्पा, निदान ‘सावधान’ तरी ठेवा.” हवालदार म्हणाले, “त्ये फार उघडं पडतंय.”

मांडवात सातशे माणूस. अंतरपाट धरला गेला. शालूबाई रिवाजाप्रमाणं मागं अंगणात, मांडवाकडं पाठ करून तुळशीला पाणी घालत उभी राहिली, कारण पोरीची अक्षता आईनं बघायची नसते. हवालदारांनी फेटा सारखा केला, माइक धरला आणि सुरू केलं:

“निळ्या उंबऱ्याला पाय फुटले.
एका चिमणीने
ओंजळभर आकाश उचलले...”

चार-पाच जणांनी घाईनं अक्षता टाकल्या. भटजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. थांबवलं खरं, पण कधी टाकायच्या हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बँडवाल्यांचा क्लॅरिओनेटवाला गाल फुगवून उभा होता, त्याचे डोळे बाहेर यायची वेळ आली. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी नानासोंचा हात खाली यायला लागला आणि वरून नवऱ्या मुलाचं अर्धं बाशिंग दिसायला लागलं. मुलाकडची म्हातारी माणसं एकमेकांना विचारत होती, “ह्यो सोळा संस्कारांतला कितवा?”

“...मागे उरलेल्या दोन दिव्यांनी
आपली वात
एकमेकांत लपवली...”

सातशे मुठी अक्षतांनी भरलेल्या आणि हवेत अडकलेल्या. मग हळूहळू बोरजाईवाडीची सगळी माणसं मांडवाच्या मागच्या बाजूकडं, अंगणाकडं वळून बघायला लागली. शालूबाईची पाठ दिसत होती. तिच्या हातातला तांब्या तुळशीवर तिरका धरलेला होता, पण पाणी केव्हाच संपलं होतं. तिनं तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि पदर डोळ्याला लावला.

“कळलं!” बयाबाई मांडवाच्या खांबाला धरून ओरडली. “टाका रं!”

अक्षतांचा असा भडिमार झाला, की भटजींना पंचांग डोक्यावर धरावं लागलं. क्लॅरिओनेटवाल्यानं सुटकेचा जो सूर सोडला तो पार कालव्यापर्यंत गेला, नानासोंच्या हातून अंतरपाट निसटला, आणि राजनंदिनीनं हसत हसतच हार घातला.

हवालदारांची अजून सहा कडवी बाकी होती.